टिळा बघून तोंड

मतदानाच्या दिवशी कुडाळ तालुक्यातल्या कुठल्याही शाळेकडे जाताना, आयोगाने आखून दिलेली हद्द सोडून, एखाद्या झाडाखाली एक टेबल आणि दोन खुर्च्या दिसतात. टेबलावर मतदार यादी, तिच्यावर वाऱ्यासाठी ठेवलेला दगड आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. चिठ्ठी पांढरीच लागते. तिच्यावर पक्षाचे नाव किंवा चिन्ह चालत नाही. अशा एका खुर्चीवर मी तरुणपणी एक दिवस काढला आहे. माझे काम अनुक्रमांक शोधून चिठ्ठी लिहायचे. शेजारच्या वयस्क कार्यकर्त्याचे काम वेगळे होते. पाणंदीच्या वळणावर माणूस दिसला की यादीकडे न बघताच तो पुटपुटायचा, "हो आपलो." पुढच्याला, "हो तेंचो." आणि एखाद्याकडे डोळे बारीक करून, "हो गडग्यावरचो." म्हणजे चिऱ्यांच्या गडग्यावर बसलेला, कुठल्या अंगाला उडी मारील याचा नेम नाही असा.

दुपारी मतदार थांबले तेव्हा मी त्याला विचारले, तोंड बघून पक्ष कसा कळतो? त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "तोंडार काय लिवलेला नसता. तेच्या तोंडार माका तेचो बापूस दिसता."

चेहऱ्यावरून राजकारण ओळखण्याच्या विद्येवर जगात बरेच संशोधन झाले आहे. त्यातले थोडेफार मी नंतर वाचले. पण त्या वाक्याच्या पुढे कोणी गेल्याचे मला अजून दिसलेले नाही.

आमच्याकडे अनोळखी पोर दिसले की पहिला प्रश्न 'नाव काय' असा नसतो. 'कोणाचो?' असा असतो. नाक, कपाळ, चालण्याची ढब यांवरून म्हातारी माणसे घर ओळखतात. घर कळले की वाडी कळते, वाडी कळली की भावकी. देवळातल्या मानपानात हे घर कुठल्या बाजूला उभे राहते, जमिनीच्या कुठल्या वादात कोणाच्या विरुद्ध होते, हे सगळे त्यामागून येते. पक्ष या साखळीत शेवटी आला, आणि पुष्कळदा जुन्या फळीवर नवी पाटी ठोकावी तसा आला. समोरचे घर एका पक्षात गेले म्हणून हे घर दुसऱ्या पक्षात. अशा गावात नाकावरून पक्ष सांगता येतो, पण त्यात नाकाचे कर्तृत्व काहीच नसते.

तरीही तोंडावरची खूण वाचण्याची सवय पक्षांपेक्षा फार जुनी आहे, आणि ती सवय मुख्यतः कपाळाची आहे. मतपत्रिका येण्यापूर्वी कितीतरी शतके कपाळ हीच माणसाची पाटी होती. आडवे भस्म दिसले की स्मार्त किंवा शैव, उभे गोपीचंदन दिसले की वैष्णव. मध्वमताचा असेल तर त्या उभ्या गोपीचंदनात कोळशाची काळी रेघ. वारकऱ्याच्या कपाळी गोपीचंदन आणि बुक्का. गोवा आणि दक्षिण कोकणातल्या सारस्वतांत कवळ्याचा मठ स्मार्तांचा आणि पर्तगाळीचा वैष्णवांचा. एकाच बोलीची, बहुधा एकाच तोंडवळ्याची माणसे दोन गुरुपीठांत विभागलेली. कोण कुठल्या पीठाचा, हे नाकडोळ्यांवरून कोणीही सांगू शकला नसता. गंधावरून लहान पोरही सांगे. 'तोंड बघून टिळा लावणे' ही म्हण आपण पक्षपातासाठी वापरतो. पण समोरच्याचे तोंड ठरवण्यासाठी लोक आधी टिळाच बघत आले, हा तिचा उलटा अर्थही तितकाच खरा आहे.

या सवयीला रात्रीच्या उजेडात तालीम मिळाली ती दशावतारात. जत्रेच्या रात्री देवळापुढे नट आपापल्या पेटाऱ्याशी बसून स्वतःचे तोंड स्वतःच रंगवतात. संहिता हातात नसते, बोलणे आयत्या वेळचे. त्यामुळे कोण कुठल्या पक्षाचा, देवांचा की दैत्यांचा, हे नटाने तोंड उघडण्याआधी प्रेक्षकाला कळावेच लागते. मिशी आणि भुवया यांवर अर्धे काम होते. काळा मुखवटा चढवून संकासुर आला की पोरे किंचाळतात आणि मग तो मालवणीत बोलू लागला की हसतात, कारण मुखवट्याच्या आत कुठल्या वाडीतला माणूस आहे हे बहुतेकांना ठाऊक असते. रंगवलेले तोंड आणि खालचे तोंड अशी दोन्ही एकदम वाचणारा हा प्रेक्षक आहे. पहाटे मुखवटा उतरवून तोच संकासुर चहाच्या टपरीवर शेजारी बसतो. राजकारण्यांच्या बाबतीत कुडाळकर सहसा भाबडा नसतो, त्याचे एक कारण मला हे वाटते.

हाडांवरून माणूस वाचण्याची पोथीही आपल्याकडे होतीच. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पुरुषलक्षणांचा अध्याय आहे. नाक, कपाळ, हनुवटी, हसू यांवरून कोण राजा होईल आणि कोण दरिद्री राहील हे तिथे सांगितले आहे. सामुद्रिक सांगणारे तेव्हापासून आजतागायत पोट भरत आले. पण त्यांचा दावा नशिबापुरता होता. एखाद्याचे मत काय, तो कोणाच्या बाजूचा, हे नाकावरून सांगण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत.

ते काम युरोपने अंगावर घेतले. अठराव्या शतकात लाव्हाटरने चेहऱ्याच्या बाह्यरेषेवरून स्वभाव सांगणारे जाडजूड ग्रंथ काढले, १८७६ मध्ये लोंब्रोसोने जन्मजात गुन्हेगाराचा जबडा वर्णन केला. भारतात ही विद्या मोजपट्टी घेऊन उतरली. हर्बर्ट रिस्ली या अधिकाऱ्याने बंगालमध्ये हजारो नाके मोजली. नाकाची रुंदी आणि लांबी यांचे गुणोत्तर काढले आणि १८९१ मध्ये जाहीर केले की जातीची सामाजिक पायरी नाकाच्या रुंदीच्या उलट चालते: नाक जितके रुंद, तितकी जात खाली. हेच रिस्ली १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त होते, म्हणजे ही काही एखाद्या हौशी माणसाची वहीतली नोंद नव्हती. सरकारच्या खानेसुमारीच्या डोक्यात ती होती.

या मोजपट्टीला उत्तर दिले ते कुडाळच्या शेजारच्या मालवणने. गोविंद सदाशिव घुर्ये, जन्म मालवण, १८९३. केंब्रिजहून शिकून येऊन मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग चालवणारे. १९३२ च्या 'कास्ट अँड रेस इन इंडिया' या पुस्तकात त्यांनी नवीन नाके मोजण्याऐवजी रिस्लीचेच आकडे पुन्हा मांडले. उत्तर हिंदुस्थानच्या मैदानात जातीची उतरंड आणि नाकाचे माप थोडेफार जुळते. तो पट्टा सोडला की जुळणी मोडते, असे त्यांना दिसले. महाराष्ट्रात, गुजरातेत, दक्षिणेत एका प्रांतातली वरची आणि खालची माणसे एकमेकांना जवळची, आणि दोन प्रांतांतले एकाच वर्णाचे लोक मात्र दूरचे. मालवणच्या बाजारात लहानपणी हिंडलेल्या माणसाला हे सुचावे याचे मला नवल वाटत नाही. तिथे गाबीत, भंडारी, मराठा, सारस्वत, ख्रिस्ती आणि मुसलमान एकाच उन्हात रापलेले असतात. मासळीच्या टोपलीपाशी कोण कोण आहे हे नाक मोजून सांगायला गेलात तर हसे होईल. पुढे १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरच्या ग्रंथात आंबेडकरांनीही नाकांच्या मापांचाच आधार घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे नाहीत हे दाखवले. त्यांचे आंबडव्याचे घराणेही कोकणातलेच. मोजपट्टी साहेबाची, तिची हवा काढणारे दोघे कोकणचे.

हाडांनी काही सांगितले नाही. मग राजकारणाने स्वतःची खूण स्वतः घडवली आणि ती कपाळाच्या जरा वर ठेवली.

टिळक १९२० च्या ऑगस्टमध्ये गेले तेव्हा मराठी राजकारणाचे डोके पगडी, पागोटे, फेटा, पटका यांत वाटलेले होते, आणि ही शिरोवस्त्रे जात आणि प्रांत सांगत. राजकारण सांगितलेच तर त्याच्या आडून. गांधी टोपी आली ती या सगळ्यांवर इलाज म्हणून. ती कशी ठरली याची आठवण लिहून ठेवली ती काका कालेलकरांनी, ज्यांच्या आडनावातले कालेली हे गाव सावंतवाडीच्या परिसरातले. प्रांतोप्रांतीची शिरोवस्त्रे गांधींनी पारखली, कोणते उन्हात चालेल, कोणते धुता येईल, कोणते घडी करून खिशात जाईल असा विचार केला, आणि काश्मिरी टोपीचा घाट घेतला. रंग पांढरा, कारण त्यावर मळ दिसतो आणि म्हणून ती धुतली जाते. या खटाटोपातला मोठा भाग मला वेगळाच वाटतो. हिंदुस्थानात पहिल्यांदाच डोक्यावरची वस्तू जन्म न सांगता मत सांगू लागली. ब्राह्मणाने घातली तरी तीच, कुणब्याने घातली तरी तीच.

सरकारला हे लगेच कळले. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला तेव्हा गांधी टोपी दिसणे हाच गुन्हा झाला. टोपी उतरवायची किंवा मार खायचा. त्याच महिन्यात इकडे वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला. त्या साली सोलापूरच्या रस्त्यावरच्या शिपायाला कोणाचे नाकडोळे निरखण्याची गरज नव्हती. डोके बघितले की झाले.

टोपीला टोपीने उत्तर मिळाले. नागपुरात १९२५ मध्ये निघालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची टोपी आधी खाकी होती, १९३० पासून ती काळी झाली. पांढरी आणि काळी, असे दोन रंग मराठी गावांत पुढची कित्येक वर्षे पुरले. काही जण बोडकेच हिंडू लागले. बोडके डोके म्हणजे घरात सुतक, असे मानणाऱ्या पिढीला तो सर्वांत मोठा बंडखोरपणा वाटला असणार.

या टोप्यांचा अभ्यास करणाऱ्याने १९४८ चा फेब्रुवारी विसरू नये. गांधीहत्येनंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जळाली तेव्हा आत राहणारा काँग्रेसचा आहे की समाजवादी की संघाचा, हे कोणी विचारले नाही. पांढऱ्या टोपीने पंचवीस वर्षे जे पुसायचा प्रयत्न केला, ते एका आठवड्यात पुन्हा वर आले: मत नव्हे, कूळ.

आमच्या भागात स्वातंत्र्यानंतरची तीन-चार दशके समाजवाद्यांची. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले. त्यांच्या निधनानंतर १९७१ पासून १९८९ पर्यंत ओळीने पाच निवडणुका मधु दंडवते जिंकले. समाजवाद्याची ओळख म्हणजे खादीचा झब्बा, खांद्यावर शबनम, आणि शाळामास्तराचा चष्मा. ही खूण तोंडावर कमी आणि बोलण्यात जास्त होती. अर्धा तास न थांबता बोलला आणि मध्ये एकदाही पाणी मागितले नाही, तर तो समाजवादी, असे म्हणायचे.

आणीबाणीत सगळे उलटे झाले. दंडवते पहिल्याच दिवशी, २६ जून १९७५ ला, बंगळुरात पकडले गेले. पण जे भूमिगत झाले त्यांनी तोंडेच बदलली. जॉर्ज फर्नांडिस शीख वेषात हिंडत होते आणि जून १९७६ मध्ये कलकत्त्यात सापडले. तेव्हा दाढी ही पक्ष लपवण्याची वस्तू होती. वीस-पंचवीस वर्षांत तीच दाढी पक्ष दाखवण्याची होईल, हे कोणाच्या स्वप्नात नसेल.

ती दाढी आली ठाण्याहून, आणि टिळा आला मुंबईहून. शिवसेनेचा संस्थापक मुळात व्यंगचित्रकार होता, ही गोष्ट मला या मागोव्यात मोलाची वाटते. दोन-चार फटकाऱ्यांत माणसाचे तोंड आणि त्याची बाजू एकत्र पकडणे हा बाळासाहेब ठाकऱ्यांचा धंदाच होता. १९६० मध्ये 'मार्मिक' निघाले, १९६६ मध्ये शिवसेना, आणि तिच्या सुरुवातीच्या घोषणांत लुंगीवरून माणूस ओळखण्याची भाषा उघडच होती. गिरणगावातल्या चाळींत राहणारा कोकणी चाकरमानी या सेनेचा कणा. गणपतीला आणि शिमग्याला तो गावी यायचा. सोबत मुंबईची मिठाई आणायचा आणि कपाळावर उभा लांब टिळा. गावच्या म्हाताऱ्यांनी आयुष्यभर उभ्या गंधाला वैष्णव म्हणून ओळखले होते. आता उभे गंध म्हणजे शाखेतला पोरगा. ठाण्याच्या आनंद दिघ्यांच्या दाढीने त्यात भर घातली. २००१ मध्ये ते गेले, दाढी उरली.

म्हणजे साधारण १९९५ साली कुडाळ स्टँडवर उभे राहून तोंडावरून पक्ष सांगणे खरोखरच सोपे होते. पांढरी टोपी, तुळतुळीत गाल: काँग्रेस. टिळा, दाढी, मनगटात धागा: सेना. झब्बा आणि चष्मा: जुना जनता दलवाला, त्याला चहा पाजा. इतका सोपा काळ त्याआधी नव्हता आणि नंतरही आला नाही.

कारण पुढे पक्ष दाढी वाढण्यापेक्षा वेगाने बदलू लागले. नारायण राणे १९९९ मध्ये शिवसेनेचे मुख्यमंत्री होते. २००५ मध्ये ते काँग्रेसमध्ये आले, मालवणची पोटनिवडणूक जिंकले. २००९ मध्ये नवा कुडाळ मतदारसंघ झाला, तोही त्यांनीच जिंकला. २०१४ मध्ये शिवसेनेच्या वैभव नाईकांनी त्यांना तिथेच दहा हजारांहून जास्त मतांनी पाडले. २०१७ मध्ये राण्यांनी काँग्रेस सोडून स्वतःचा स्वाभिमान पक्ष काढला, २०१९ मध्ये तो भाजपमध्ये विलीन केला. नेत्यामागे कार्यकर्ते गेले, कार्यकर्त्यांमागे वाड्या गेल्या, काही परतल्या. ज्याने टिळा लावून काँग्रेसशी हाणामारी केली, त्याने काँग्रेसच्या व्यासपीठावर टिळा पुसायचा की ठेवायचा? बहुतेकांनी ठेवला. टिळा आता पक्षाचा नव्हता, सवयीचा होता.

जून २०२२ मध्ये तर सेनाच दोन झाली. दोन्हीकडे भगवा, दोन्हीकडे टिळा, दोन्हीकडे बाळासाहेब. त्याच्या महिनाभर आधी दिघ्यांवरचा 'धर्मवीर' हा चित्रपट आला होता, त्यामुळे दाढीही दोन्ही बाजूंना मुबलक. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये निलेश राणे भाजपमधून एकनाथ शिंद्यांच्या शिवसेनेत आले आणि कुडाळमधून वैभव नाईकांना हरवून आमदार झाले. वडील भाजपचे खासदार, धाकटे भाऊ कणकवलीत भाजपचे आमदार, थोरले सेनेचे. एकाच घरातला, एकाच तोंडवळ्याचा ताळेबंद दोन पक्षांत. माझ्या टेबलावरच्या त्या कार्यकर्त्याची विद्या इथे अडायला हवी होती. पण ती अडत नाही, कारण त्याने पक्ष कधी वाचलाच नव्हता. 'कोणाचो' एवढेच तो वाचत होता, आणि त्या प्रश्नाचे उत्तर राण्यांचा माणूस किंवा नाईकांचा माणूस असेच होते. चिन्ह कोणतेही असो.

गंमत अशी की नेमक्या याच वर्षांत परदेशातली यंत्रे हाडांकडे परत वळली. २००५ मध्ये प्रिन्स्टनच्या तोदोरोव्ह यांनी दाखवले की उमेदवारांचे फोटो क्षणभर बघून 'जास्त लायक कोण दिसतो' एवढे सांगणारे अनोळखी लोक अमेरिकी सिनेटच्या दहापैकी सुमारे सात लढतींचा निकाल बरोबर सांगतात. पण तो निवडून येणाऱ्याचा चेहरा झाला, पक्षाचा नव्हे. पक्षाचे काम २०२१ मध्ये कोसिन्स्की यांनी केले: दहा लाखांहून जास्त माणसांचे फोटो संगणकाला दिले आणि उदारमतवादी की परंपरावादी हे ओळखायला लावले. संगणक १०० पैकी ७२ वेळा बरोबर. माणसाने हेच केले तर ५५ वेळा, म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा किंचित बरे. संगणकाने नेमके काय पाहिले, याचा माग काढताना जे सापडले त्यात मान किती वळलेली आहे आणि तोंडावर भाव कोणता आहे या गोष्टी ठळक होत्या. फोटो लोकांनी स्वतः निवडून चढवलेले होते. म्हणजे तोही टिळाच, फक्त कॅमेऱ्यासमोर लावलेला. २०२४ मध्ये त्याच संशोधकाने ५९१ जणांना काळा टी-शर्ट घालून, केस मागे बांधून, तोंड निर्विकार ठेवून बसवले. तेव्हा संगणकाच्या अंदाजाचा आणि खऱ्या मताचा सहसंबंध ०.२२ भरला, फरकाच्या जेमतेम पाच टक्क्यांचा खुलासा. घुर्ये असते तर हेच आकडे घेऊन पुन्हा बसले असते. आणि ही सगळी परीक्षा दोनच रंगांच्या राजकारणाची. कुडाळच्या यादीत 'गडग्यावरचो' हा रकाना कोणत्या यंत्राने भरायचा?

आमच्याकडे निवडणूक आयोगाने २०१५ पासून मतदान यंत्रावर चिन्हाशेजारी उमेदवाराचा फोटोही लावायला घेतला, एकाच नावाचे दोन उमेदवार उभे राहतात म्हणून. पण फोटोला खरी सत्ता मिळाली ती रस्त्यावर. महामार्गावरून कुडाळात शिरताना वाढदिवस, नियुक्ती, गणेशोत्सव अशा निमित्तांचे फ्लेक्स लागलेले असतात. मध्यभागी ज्याचा वाढदिवस त्याचे मोठे तोंड, खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट आकाराची तोंडे, आणि सगळ्यांत वर एक रांग. त्या रांगेत कोण आहे, कोणाचे वर्तुळ मोठे, कोण डावीकडून पहिला, कोण गळाला, हे बघून इथला माणूस गाडीचा वेग कमी न करता मधल्या माणसाचा गट, गटातली जागा आणि पुढची उडी सांगतो. मधल्या तोंडाकडे तो बघतही नाही.

मध्ये एका छापखान्यात लग्नपत्रिकेसाठी गेलो होतो. काउंटरवर एक गृहस्थ वाढदिवसाचा फ्लेक्स सांगत होते. टिळा, दाढी, गळ्यात उपरणे. संगणकापुढच्या पोराने त्यांच्या नावाचे फोल्डर उघडले. त्यात चार-पाच वर्षांचे फ्लेक्स होते, सगळ्यांत तोच फोटो. पोराने माऊसवरचा हात न उचलता विचारले, "फोटो ह्योच चलात मा? वर कोण कोण घालूचे?"

गृहस्थांनी इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाले, "वरचा जरा मोकळा ठेव. रविवारी सांगतंय."